ऐपत असताना सरकारी योजनेतून मोफत उपचार घ्यावेत का?

अनुजा_रत्नागिरी

सासऱ्यांची अँजिओग्राफी झाली, तीन ठिकाणी ब्लॉक निघाले. बायपास सांगितली आहे. तातडीची नाही, पण फार लांबवू नका म्हणालेत.

सासरे बँकेतून ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पेन्शन बरी आहे, ठेवी आहेत, घर स्वतःचं, शिवाय गावाकडे थोडी कलमं. नवरा आणि दीर दोघेही नोकरीत. निवृत्तीनंतरच्या ग्रुप विम्याचा हप्ता दरवर्षी फुगत गेला म्हणून त्यांनी तो मध्येच सोडून दिला, त्यामुळे आज विमा नाही. तरी खर्च झेपणार नाही अशी परिस्थिती मुळीच नाही.

इस्पितळात आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाचं टेबल आहे. तिथल्या मुलाने रेशनकार्ड आणि आधार मागितलं आणि म्हणाला, "काका, आता पांढरं कार्डसुद्धा चालतं. महात्मा फुले योजनेत टाकू या, एक रुपया लागणार नाही." झालं, तिथेच ठिणगी पडली. सासरे म्हणतात, हे आपल्यासाठी नाही, कोणा गरजवंताच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं होईल. दीर म्हणतो, चाळीस वर्षं टीडीएस कापून घेतला तेव्हा सरकारला असा संकोच वाटला का? सासूबाई दोघांवरही वैतागल्यात.

कायद्याने चालतं, ते मला माहीत आहे. योग्य आहे का, ते विचारतेय. तुम्ही काय केलं असतंत?

आगाऊ_कार्टं

पहिला! काकांना शुभेच्छा. कलमांचा उल्लेख उगाच केलात. आता इथले निम्मे लोक मे महिन्यात पत्ता विचारायला येतील. (हलकं घ्या.)

हिशेबनीस

बिनदिक्कत घ्या. माहीत नसलेल्यांसाठी थोडा इतिहास. ही योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७ मध्ये नाव बदललं. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी कार्डासाठी होती, मर्यादा दीड लाख. २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की राज्यातली सगळी कुटुंबं आत, मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख. १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं.

म्हणजे उत्पन्नाची अट सरकारने जाणूनबुजून काढली आहे. काका खोटा दाखला काढत नाहीयेत, कोणाच्या ओळखीने आत शिरत नाहीयेत. जो नियम आहे त्याप्रमाणे चाललेत. यात नैतिक पेच कुठून आला तेच कळत नाही.

चार्वाक_पुणे

पेच आहे, आणि हिशेबनीसांनी तो न दिसल्यासारखं करू नये. नियमात बसतं म्हणजे बरोबर असतं का? २०१५ मध्ये गॅसची सबसिडी सोडा म्हणून आवाहन झालं, तेव्हाही सबसिडी घेणं नियमातच बसत होतं. तरी कोटीच्या घरात लोकांनी सोडली. त्या सगळ्यांना हिशेब येत नव्हता असं नाही.

सरकारी पैसा आटणारा आहे. खाटा मोजक्या आहेत. ज्याच्याकडे ठेवी आहेत त्याने बाजूला व्हावं, इतका साधा विचार त्या गृहस्थांना सुचला आणि घरचे त्यांची समजूत घालताहेत. माझा सलाम काकांना.

शेवंती

+१ चार्वाक. काका भले माणूस आहेत.

आगाऊ_कार्टं

पण आमदार, माजी आमदार आणि सचिवांच्या उपचारांची बिलं सरकार भरतं, तेव्हा हा सलाम कुठे जातो? त्यांनी 'गिव्ह इट अप' केल्याचं ऐकिवात नाही. बँकेच्या ऑफिसरने तेवढं लाजायचं!

भूलवाले_डॉक्टर

व्यवसायाने भूलतज्ज्ञ. योजनेत असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या इस्पितळांत जातो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरलेलं असतं. तपासण्या, ऑपरेशन, औषधं, इम्प्लांट, खाट, जेवण, घरी जायचं परतीचं भाडं, सगळं त्यात आलं. पेशंटकडून वर पैसे घ्यायचे नाहीत. काही शस्त्रक्रिया तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्या खासगीत योजनेतून होतच नाहीत. पैसे इस्पितळाला नंतर मिळतात. दर कमी आहेत आणि पैसे उशिरा येतात ही इस्पितळांची जुनीच ओरड आहे, आणि ती सगळी खोटी नाही.

आता 'तोंडचा घास' या मुद्द्याबद्दल. बायपाससारखं ऑपरेशन करणाऱ्या इस्पितळात महिन्याला किती योजनेचे पेशंट घ्यायचे, हे बऱ्याचदा व्यवस्थापन मनातल्या मनात ठरवतं. कागदावर अशी मर्यादा नसते, पण "या आठवड्यात योजनेची खाट नाही" हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलंय. तिथे काका आत आले तर दुसरा कोणी आठ-दहा दिवस मागे सरकू शकतो. तेव्हा काकांचा संकोच अगदीच हवेतला नाही.

पण याची दुसरी बाजूही डोळ्यांनी पाहिली आहे. शिकलेला पेशंट त्या वॉर्डात असला की सगळ्या वॉर्डाचं वागणं बदलतं. स्टेंट कुठल्या कंपनीचा, पाकीट दाखवा, हे बाहेरून का आणायचं, तक्रार कुठे करायची, असे प्रश्न तो विचारतो. शेजारच्या खाटेवरचा शेतमजूर हे ऐकत असतो. दुसऱ्या दिवशी तोही विचारतो.

लेस्टरकर

डॉक्टरांच्या शेवटच्या परिच्छेदावरूनच पुढे लिहितो.

इथे इंग्लंडात एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री. त्या वेळीही हाच वाद झाला होता की श्रीमंतांना कशाला फुकट? बेव्हन अडून बसला: उत्पन्न तपासायचं नाही, दारात कोणाला 'तुझी ऐपत किती' विचारायचं नाही. पैसे करातून घ्या, ज्याचं जास्त त्याच्याकडून जास्त घ्या, पण आजारी माणूस दारात आल्यावर हिशेब नको. पुढे १९५१ मध्ये कवळ्या आणि चष्म्यांना पैसे लावायचं ठरलं तेव्हा त्याने मंत्रिपद सोडलं. कवळीसाठी राजीनामा! आपल्याकडे पुलाखाली माणसं गेली तरी देत नाहीत.

त्याचा परिणाम असा की २०२० च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानाला करोना झाला तो लंडनच्या सरकारी इस्पितळातच दाखल झाला. आपल्याकडचा कुठला मंत्री जिल्हा रुग्णालयात भरती होईल?

पण उगाच गोडवे गात नाही. इंग्लंडातल्या प्रतीक्षायादीवर सत्तर लाखांहून जास्त उपचार तुंबलेत. बायकोचा गुडघा दुखतो, तिला तज्ज्ञाची तारीख मिळेपर्यंत आम्ही भारतात येऊन एमआरआय करून परतही आलो. आणि आम्हा परदेशी लोकांकडून व्हिसाबरोबरच माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्याचे म्हणून घेतात, वर पगारातून कर आहेच. 'सर्वांसाठी' या शब्दाला इथेही कुंपण आहे.

चार्वाक_पुणे

लेस्टरकर, तुम्हीच माझं काम केलंत. फुकट म्हटलं की रांग आलीच.

आता मूळ तत्त्वाकडे येतो. आरोग्यसेवा हा 'हक्क' आहे असं म्हणताना आपण विसरतो की ही सेवा झाडावर लागत नाही. कोणीतरी रात्री दोन वाजता उठून ती द्यायची असते. तुमचा हक्क म्हणजे दुसऱ्याच्या मानेवर जू. राजस्थानात मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा झाला, देशातला पहिला. तातडीच्या वेळी आधी पैसे न मागता खासगी इस्पितळानेही उपचार करायचे. डॉक्टर रस्त्यावर उतरले, दोन आठवडे खासगी दवाखाने बंद. शेवटी ज्या खासगी इस्पितळांनी सरकारी जमीन किंवा सवलत घेतलेली नाही त्यांना वगळण्यावर तडजोड झाली. डॉक्टरांचं काय चुकलं? भुकेल्याला जेवू घालणंही कर्तव्यच आहे, म्हणून उडप्याला कोणी फुकट थाळी वाढायला लावत नाही.

नर्सताई

चार्वाक, थाळी नाही मिळाली तर माणूस दुसऱ्या हॉटेलात जातो. डोकं फुटलेला माणूस कुठे जाणार?

हा प्रश्न कोर्टात जाऊन आलाय. बंगालमध्ये एक मजूर गाडीतून पडला, डोक्याला मार, आणि त्याला कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीव वाचवणं हे राज्यघटनेच्या कलम २१ खाली सरकारचं कर्तव्य आहे, पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. हे जू सरकारच्या मानेवर आहे, डॉक्टरच्या नाही. सरकारने पैसे वेळेवर दिले असते तर राजस्थानातले निम्मे डॉक्टर रस्त्यावर आले नसते, असं माझं मत.

मी सरकारी नोकरीत आहे. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. आमच्याकडे नातेवाईक म्हणजे चालतं-बोलतं सलाईन स्टँड. स्टँड कमी पडले की आईने हात वर करून बाटली धरायची, हात दुखला की मुलीने. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. चांगलंच झालं. गर्दी वाढली, पदं होती तितकीच राहिली. मोफतची घोषणा करायला एक दिवस पुरतो. भरतीला किती वर्षं लागतात ते आम्हाला विचारा.

चार्वाक_पुणे

ताई, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण हेच तर म्हणतोय. नांदेडला ऑक्टोबर २०२३ मध्ये शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात नवजात बाळं होती. जे सरकार असलेलं इस्पितळ धड चालवू शकत नाही, त्याने सर्वांना सर्व काही द्यायचं वचन देणं हीच मला अनैतिक गोष्ट वाटते. वचन थोडं द्या, पण पाळा. आधी गरिबांचं नीट करा.

आणि एक टोचणारा प्रश्न. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी खाणारा खातोच. त्याच्या तोंडाच्या कॅन्सरचा खर्च, ज्याने आयुष्यात सुपारीला हात लावला नाही त्याने का भरायचा?

नर्सताई

कारण त्याच्या खाटेशी बायको आणि शाळेतली दोन पोरं उभी असतात, त्यांनी गुटखा खाल्लेला नसतो.

आणि ही चाळणी एकदा लावली की थांबायचं कुठे? हेल्मेट न घातलेला? रोज वडापाव खाणारा? जिन्यावरून पळताना पडलेला? साखर वाढलेला प्रत्येक जण? मग दारूवरच्या कराचे पैसेही सरकारने घेऊ नयेत. तिजोरीला दारुड्याचा पैसा चालतो, मग त्याचं लिव्हर का नाही चालत?

आगाऊ_कार्टं

वडापाव वाल्यांना मध्ये घेऊ नका, भावना दुखावतात.

मालवणी_मसालो

लेस्टरकरांच्या 'कुंपणा'वरून आमच्या सिंधुदुर्गाची गोष्ट ऐका.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या बाजूची माणसं पिढ्यान् पिढ्या बांबोळीला जातात. गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. आमच्या आजीच्या तोंडी "बांबुळेक न्हेलो" म्हणजे केस गंभीर आहे, एवढाच अर्थ. जाताना सीमा लागली हे कोणाला जाणवायचंही नाही. मग १ जानेवारी २०१८ पासून गोव्याने परराज्यातल्या पेशंटांना शुल्क लावलं. दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. नंतर महाराष्ट्राची योजना तिथे चालेल अशी सोय झाली, आता ओरोसला आपलं मेडिकल कॉलेजही उभं राहिलंय.

तेव्हा मी चिडलो होतो. पण गोव्यातला माझा मामेभाऊ म्हणाला, "आमच्या दीनदयाळ कार्डाक (गोव्याची सरकारी आरोग्य विमा योजना) आमकाच पाच वर्सांचो रहिवास दाखवचो पडता. तुमचे कर मुंबयक वतात, बिल आमी कित्याक फारीक करचें?" त्याला काय उत्तर देणार? आणि तरी अपघात होऊन रक्त वाहतंय अशा माणसाला पत्रादेवीच्या नाक्यावर राज्य विचारणं हे मला अजूनही पटत नाही. 'सर्व' म्हणजे कोण, हे कधी पैशाने ठरतं, कधी कागदाने आणि कधी नकाशाने.

कुंदा_बेळगाव

नकाशाचं नाव काढलंत! आमच्याबद्दल आता बोलू का? 😀

संपादक

बोलू नका. सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. पक्षांची नावं घेऊन आलेले दोन प्रतिसाद काढले आहेत.

गडचिरोलीकर

धागा वाचतोय. इथे सगळे खाट घ्यावी की सोडावी यावर बोलतायत म्हणून लिहितो.

आमच्याकडे ५ लाखांचं कार्ड आहे. कार्ड चालणारं मोठं इस्पितळ नाही. बायपास, डोक्याचं ऑपरेशन काहीही असलं की नागपूर. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की जिला कळा सुरू झाल्या तिला खाटेला बांबू बांधून आणायचं. आशाताई पुढे, माणसं मागे. नियमाने आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिजे, मैदानी भागात ३० हजारांमागे. केंद्राची इमारत असते. डॉक्टर असेल तर औषध संपलेलं, औषध असेल तर डॉक्टर मीटिंगला.

तेव्हा रत्नागिरीच्या काकांनी योजना घेतली तरी आमचा घास जात नाही. तो आमच्या ताटात आलेलाच नाही. पैसा सगळा बायपास आणि स्टेंटकडे वाहतो, कारण त्याचं बिल होतं. बाळंतिणीच्या घरी चार वेळा जाऊन बीपी बघणाऱ्या बाईचं बिल होत नाही. तिला मानधन.

शेवंती

निःशब्द. मघाचं माझं +१ होतंच, पण हा मुद्दा डोक्यात नव्हता.

हिशेबनीस

गडचिरोलीकरांचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

आकड्यांत सांगायचं तर २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोक खिशातून करत होते, २०२१-२२ मध्ये तो वाटा ३९.४ वर आला. सुधारणा आहे. पण खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग ओपीडी आणि औषधांचा असतो, आणि या विमा-योजना प्रामुख्याने दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. म्हणजे बीपीची गोळी स्वतः आणायची, ती परवडली नाही म्हणून बंद करायची, मग पक्षाघात झाला की योजनेचं कार्ड काढायचं. सरकारलाही हे महाग पडतं. देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, आणि त्यासाठी सुरुवात गावच्या आरोग्य केंद्रापासून करा. आपण अहवाल जपून ठेवला.

झकास_आजी

मी सत्तरी ओलांडलेली बाई. आयुष्मानचं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्न कितीही असो. मी काढलं. अजून वापरलेलं नाही, देवाने वापरायची वेळ आणू नये.

मला लाज का वाटली नाही ते सांगते. आमचे हे गेले तेव्हा धर्मादाय इस्पितळात होते. भली मोठी इमारत, दर्शनी भागात दात्यांच्या नावांच्या पाट्या. मला कोणी सांगितलं नाही की अशा इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात, कायदाच आहे तसा. आम्ही तेव्हा सवलतीत बसत होतो. पाटी होती, पण ती फायर एक्स्टिंग्विशरच्या मागे. आम्ही पाटल्या मोडल्या.

तेव्हापासून माझं मत झालंय की जी सोय मागावी लागते, ज्यासाठी आपण गरीब आहोत हे सिद्ध करावं लागतं, ती खऱ्या गरिबापर्यंत पोचतच नाही. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून आणणं ज्याला जमतं त्याचं अर्धं काम झालेलं असतं. त्यापेक्षा सगळ्यांना द्या. श्रीमंत चार जण घुसले तरी घुसू देत, पण दारात बसून माणसं पारखणं बंद करा.

चार्वाक_पुणे

आजी, तुमच्यासमोर वाद घालायची हिंमत होत नाही, तरी घालतो. दाखल्याची भानगड वाईट आहे हे कबूल. पण मी सरकारने लोकांना पारखावं असं म्हणतच नाहीये. माणसाने स्वतःला पारखावं असं म्हणतोय. दार सगळ्यांना उघडं असू दे. ज्याला जमतं त्याने आपणहून आत जाऊ नये.

लेस्टरकर

चार्वाक, हे ऐकायला छान आहे आणि दहा वर्षांनी घातक ठरतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आधी डॉक्टर-वकिलांची मुलं आपणहून बाहेर गेली, मग शिक्षकांचीच गेली. आता शाळेचं छप्पर गळतं तेव्हा ओरडायला कोण उरलंय? ज्यांचं ऐकलं जातं ते एखाद्या सेवेतून निघून गेले की ती सेवा खालावणार. कोणी कट करावा लागत नाही.

भूलवाले_डॉक्टर

इथे मी लेस्टरकरांशी अर्धाच सहमत. योजनेत येणारा मध्यमवर्ग सरकारी इस्पितळात येत नाहीये, तो योजनेचं कार्ड घेऊन खासगीत जातोय. म्हणजे सरकारी वॉर्डासाठी ओरडणारा आवाज वाढत नाही, खासगी वॉर्डाचं गिऱ्हाईक वाढतं. एनएचएसची गोष्ट वेगळी आहे, तिथे इस्पितळंच सरकारी. आपण पैसा सरकारी ठेवला आणि दुकान खासगी. दोन्ही गोष्टींना 'सर्वांसाठी आरोग्य' म्हणतात.

अनुजा_रत्नागिरी

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सासऱ्यांना मोठा टाइप करून धागा वाचायला दिला. गडचिरोलीकरांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला. झकास आजींचं नाव विचारलं, मी म्हटलं इथे कोणाचं खरं नाव नसतं.

एक नवीन गोष्ट घडली आहे. सासऱ्यांनी ठाम सांगितलं की रोख भरणार. म्हणून नवऱ्याने काउंटरवर अंदाजपत्रक मागितलं. तेच इस्पितळ, तेच सर्जन, जनरल वॉर्ड. आकडा योजनेच्या पॅकेजच्या दुपटीहून जास्त निघाला. फरक कशाचा, विचारलं तर "ते सरकारी दर आहेत सर, तुमचं कॅश आहे" एवढंच उत्तर. सासरे जन्मभर कर्जाची प्रकरणं तपासत आले, त्यांनी तो कागद लाल पेनने चाळला. 'मिसलेनियस' या नावाखाली चौतीस हजार. आता ते म्हणताहेत की गरिबाचा घास नको, पण यांचं पोटही भरायचं नाही. परत पेच!

आगाऊ_कार्टं

काका आवडले. मिसलेनियसमध्ये आंबे धरले असतील.

हिशेबनीस

मुद्दा इथे येणारच होता. आजारी माणूस घासाघीस करू शकत नाही. टेबलावर झोपलेला असतो. त्याच्या वतीने कोणीतरी मोठ्याने भाव ठरवावा लागतो, आणि तेवढी ताकद फक्त सरकारकडे असते. काकांनी योजना घेणं म्हणजे दान घेणं नाही, त्या ठरलेल्या भावात सामील होणं आहे. सगळेच त्या भावात आले तर 'कॅशचा भाव' उरतच नाही.

भूलवाले_डॉक्टर

किंवा इस्पितळच योजनेतून बाहेर पडतं. आज पुष्कळ ठिकाणी रोखीचे पेशंट योजनेच्या पेशंटांचा तोटा भरून काढतात, हे कोणी उघड बोलत नाही. दुप्पट हे जास्तच झालं, त्याचं समर्थन करत नाही. पण सगळेच योजनेत आले तर दर वाढवावे लागतील, म्हणजे बजेट वाढवावं लागेल, म्हणजे कर. राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०१७ साली लिहिलंय की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ मध्ये तो १.८४ होता, तोही करोनाच्या काळात.

शेवंती

एक मधला मार्ग: योजना घ्यावी आणि वाचलेल्या पैशातून एखाद्या गरजूच्या उपचाराला मदत करावी?

गडचिरोलीकर

देणगी द्यायची तर द्या, नाही कोण म्हणेल. पण मला काकांकडून पैशापेक्षा तो लाल पेन हवाय. ते बरे झाले की जिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत बसावं. औषधखरेदीचे कागद असेच चाळावेत. आमच्याकडे चाळणारं माणूस मिळत नाही.

चार्वाक_पुणे

गडचिरोलीकर, हे आवडलं. मत तेच आहे, ज्याला जमतं त्याने भरावं. पण दुप्पट भरावं असं मी कधीच म्हटलेलं नाही, ते आधीच सांगून ठेवतो. अनुजा, सरळ दुसऱ्या इस्पितळातून अंदाजपत्रक आणा. मुंबई-पुण्यातल्या ट्रस्टच्या इस्पितळांतही विचारा.

नर्सताई

आणि हे सगळं ठरवताना तारीख पुढे ढकलू नका. तीन ब्लॉक म्हणजे तीन ब्लॉक. नीतीचा निकाल लागेपर्यंत हृदय थांबत नाही. काकांना तंबाखू-सिगारेट असेल तर आजपासून बंद, हिमोग्लोबिन बघून घ्या, दाताचं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. रक्तदाते तयार ठेवा.

अनुजा_रत्नागिरी

हो ताई. पुढच्या आठवड्याची तारीख घेतली आहे. योजना की रोख हा रकाना अजून रिकामा आहे. दाताचं माहीत नव्हतं, आजच दाखवते.

कागलचा_पाहुणा

नमस्कार, नवीन सभासद आहे. धागा संपत आला तरी विचारतो. आईचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून दोनदा. कार्ड पांढरं, गाव कागल, पण आई माझ्याकडे ठाण्यात राहते. तिला ठाण्यात ही योजना चालेल का?

हिशेबनीस

चालते, जिल्हा आडवा येत नाही. डायलिसिस योजनेत आहे. इस्पितळ योजनेच्या यादीत आहे का ते आरोग्यमित्राला विचारा, आणि रेशनकार्डावर आईचं नाव आहे ना ते आधी बघा. बऱ्याच जणांचं वेगळं घर केल्यावर कमी केलेलं असतं आणि दाखल करायच्या दिवशी कळतं.

कागलचा_पाहुणा

भावाच्या कार्डावर आहे बहुतेक. फोन करून विचारतो.